माझ्या नावच्या दोन बाटल्या

"आणखी एकेक वीट घाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि दोघी आयांनी पलंगाचा पायथा उचलला. माझे पाय वर गेले, डोकं खाली आलं आणि समोरच्या भिंतीऐवजी छताचा पंखा दिसायला लागला. पुढचे सदतीस दिवस मी बहुतेक तो पंखाच बघत काढले.

साल १९८५, जानेवारी महिना. मी एकतीस वर्षांची होते आणि कुरुंदवाडजवळच्या आमच्या गावात प्राथमिक शाळेत शिकवत होते. त्या सकाळी तिसरीच्या वर्गात फळ्यावर बेरजा लिहून देताना पातळ ओलं झाल्यासारखं वाटलं. कळ नाही, पोटात दुखणं नाही. खाली पाहिलं तर घोट्यापर्यंत रक्ताचा ओघळ आलेला. सातवा महिना संपत आला होता. मी पोरांना पाढे म्हणायला लावले, शेजारच्या वर्गातल्या बाईंना हाक मारली आणि खुर्चीवर बसून राहिले. तासाभरात हे कुणाची तरी जीप घेऊन आले. मागच्या बाकावर माझं डोकं मांडीवर घेऊन माझ्या सासूबाई बसल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. कोल्हापूरला पोचेपर्यंत त्यांनी माझं डोकं हलू दिलं नाही.

ते एका ट्रस्टचं जुनं प्रसूतिगृह होतं. दगडी भिंती, उंच खिडक्या, बाहेर चिंचेचं झाड. डॉक्टर हेर्लेकर तिथल्या मुख्य. पन्नाशीच्या, बुटक्या, पायांत पुरुषी चपला. त्यांनी मला आतून तपासलं नाही, आणि नर्सलाही हात लावू दिला नाही. नुसतं पोट चाचपलं, कानाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकले. शहरात सोनोग्राफीचं यंत्र नुकतंच आलं होतं, तिथे झोपवूनच नेऊन आणलं. मग त्या आत्याबाईंच्या समोर स्टूल ओढून बसल्या.

"वार वरच्या अंगाला चिकटलेली असते," त्या म्हणाल्या. "हिची खाली आहे, गर्भाशयाच्या तोंडावर. बाळ ज्या दारातून बाहेर येणार त्या दारातच वार आडवी पडली आहे. कळा सुरू झाल्या, तोंड उघडायला लागलं, की ती सुटणार आणि रक्ताचा लोट येणार. कधी आई जाते, कधी बाळ, कधी दोघं."

आत्याबाईंनी विचारलं, "पर तिला दुखत तर काय न्हाई."

"दुखत नाही तेच फसवं आहे. दुखलं असतं तर बायका लगेच आल्या असत्या. दुखत नाही म्हणून घरी बसतात."

मला आधी एकदा सिझेरियन झालं होतं. ते मूल हाती लागलं नव्हतं. त्यानंतर सहा वर्षं काहीच नाही, आणि मग हे. जुन्या टाक्यावर वार चिकटून बसली असेल तर काम आणखी अवघड, हे डॉक्टरांनी माझ्यापासून लपवलं नाही. बाळाची फुप्फुसं अजून तयार नव्हती, त्यामुळे ते पोटात राहील तितका दिवस फायद्याचा. तोवर मी उठायचं नाही, बसायचं नाही, आणि माझ्या नावानं रक्ताच्या दोन बाटल्या कायम तयार पाहिजेत. ते ऐकून यांनी आणि माझ्या धाकट्या दिरांनी रक्तपेढीत जाऊन एकेक बाटली दिली; दोघांचाही गट माझ्याशी जुळला. पेढी पुढच्याच चौकात होती. सुगीचे दिवस, दोघांनाही संध्याकाळी परत जावं लागलं. मागे राहिल्या आत्याबाई.

आत्याबाईंचं नाव अक्काताई मगदूम. बारीक, काटक, कपाळावर गोंदण, नऊवारी घट्ट कसलेली. आम्ही जैन. दिवस मावळल्यावर त्या पाण्याचा घोट सोडून काही घेत नसत. माझ्याशी त्या कधी वाईट वागल्या नव्हत्या, पण गोडही नाही. आठ वर्षांत त्यांनी मला माझ्या नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. पहिलं मूल गेलं तेव्हा त्यांनी मला तीन महिने भाकरी थापू दिली नाही. ती काळजी होती की नाराजी, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

आमच्या खोलीत चारच खाटा. दोन रिकाम्या असत, आज आलेली बाई तिसऱ्या दिवशी मूल घेऊन जाई. चौथ्या खाटेवर द्वारका होती. तिच्याही पलंगाखाली विटा.

द्वारका बीडकडची, पाटोद्याच्या बाजूची. ऊस तोडायला टोळीबरोबर आलेली. वय चोवीस-पंचविसाच्या पुढे नसावं. तिला दोन मुली, मोठी चार वर्षांची, धाकटी दोन. त्या नवऱ्याजवळ, शेतातल्या पाचटाच्या झोपडीत. उसाची मोळी डोक्यावर घेऊन गाडीकडे जाताना तिला रक्त गेलं होतं. मुकादमानं तिला कारखान्याच्या दवाखान्यात नेलं आणि तिथून इथे. तिचीही वार खालीच. आम्ही दोघी एका दुखण्याच्या, म्हणून नर्स आम्हाला जुळ्या म्हणायच्या.

द्वारका पडल्या पडल्या बोलायची. तिच्याकडे बैलांच्या गोष्टी होत्या, मुकादमाच्या होत्या, एका कोल्ह्याच्या होत्या ज्यानं तिच्या भाकरीचं फडकं पळवलं होतं. कळ येईल म्हणून डॉक्टरांनी आम्हाला जोरात हसायला बंदी केली होती, आणि म्हणून तर जास्तच हसू यायचं. दुपारी चिंचेची सावली खिडकीतून आत यायची, लांबून गिरणीचा भोंगा वाजायचा, आणि द्वारका म्हणायची, "बाई, आता तुमच्या शाळंची घंटा झाली असंल." मी रोज तिला एक धडा तोंडपाठ म्हणून दाखवायचे. तिला इतिहास फार आवडे. कोण कुठून पळाला, कोण कुठे वेढ्यात सापडला, तेवढं ती लक्षात ठेवायची आणि आसारामला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, सांगणार म्हणायची.

आसाराम एकदाच आला होता. दहा दिवस रक्त थांबलंय, दुखत नाही, मग नेतो, असं त्याचं म्हणणं. बायकोशिवाय एकट्यानं ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि दोन पोरी सांभाळायच्या, ते त्याला झेपत नव्हतं. डॉक्टरांनी त्याला बाहेर नेऊन अर्धा तास समजावलं. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. तो द्वारकाला म्हणाला, ऱ्हा तू. मी भागवतो. मग पलंगाखालच्या विटा वाकून बघितल्या आणि गेला. त्याला रक्त द्यायला सांगितलं होतं. पेढीत गेला तेव्हा तो इतका अशक्त भरला की त्यांनी घेतलं नाही. टोळीतली माणसं पुढच्या बाजारच्या दिवशी येतील, असं ठरलं.

आत्याबाई सुरुवातीला द्वारकाच्या खाटेकडे फिरकत नसत. आपला तांब्या वेगळा, भाकरीचं गाठोडं वेगळं. पाचव्या-सहाव्या दिवशी पाहिलं तर त्या तिच्या उशाशी बसून तिचे केस विंचरत होत्या. म्हणाल्या, "जटा झाल्यात. बघवंना."

सतराव्या दिवशी, गुरुवारी, दुपारी दोनच्या सुमाराला द्वारका काहीतरी सांगत होती. मधेच थांबली. अगदी शांत आवाजात म्हणाली, "आत्याबाई, पुन्हा आलं वाटतं." तीही त्यांना आत्याबाईच म्हणायला लागली होती.

आत्याबाईंनी तिच्यावरची चादर उचलली आणि लगेच परत टाकली, मला दिसू नये म्हणून. पण मला खालची फरशी दिसत होती. गादीतून निथळून रक्त फरशीवर पडत होतं. थेंब नव्हते, धार होती. नर्स धावत आली, मग डॉक्टर. पाच मिनिटांत द्वारकाला ढकलगाडीवर घातलं. जाताना तिनं माझ्याकडे बघितलं. तिचे ओठ चुन्यासारखे झाले होते. म्हणाली, "बाई, पोरी."

गाडी शस्त्रक्रियेच्या खोलीत गेली आणि डॉक्टर हेर्लेकर हाताच्या बाह्या वर सारत माझ्या पलंगाशी परत आल्या.

"त्रिशला," त्या म्हणाल्या, "तुझा आणि तिचा रक्तगट एक आहे. काल घाटात ट्रक उलटला, त्या लोकांना पेढीतलं सगळं गेलं. त्या गटाच्या तुझ्या नावच्या दोनच बाटल्या आहेत. तिला देऊ का?"

त्यांनी एकदा मागे दाराकडे बघितलं.

"न विचारताही देता आल्या असत्या. पण आज तुला रक्त गेलं तर माझ्या हातात काही नसेल. म्हणून विचारते आहे. वेळ नाही."

"नको," मी म्हणाले.

मी हे आज जसं घडलं तसं सांगते आहे. मी विचार केला नाही. माझे दोन्ही हात पोटावर गेले होते आणि तोंडातून शब्द निघाला. मग मी भिंतीकडे तोंड केलं आणि पुन्हा म्हणाले, "माझ्या नका देऊ."

 डॉक्टरांच्या चपला दरवाजाकडे वळल्याचं ऐकू आलं. मग आत्याबाईंचा आवाज आला.

"बाई, देऊन टाका."

"अहो, तिचं म्हणणं..."

"त्या बाटल्यांत माझ्या लेकांचं रगत हाय. दोघांला मीच जन्माला घातलंय. मी सांगतीया, द्या."

चपलांचा आवाज पळत गेला.

मी रडत नव्हते. मला राग आला होता, इतका की कानशिलं तापली. मनात म्हणत होते, तुमचं काय जातंय, तुमचे लेक धडधाकट आहेत, मरायची वेळ आली तर ती माझ्यावर. पण हे काही मी बोलले नाही. आत्याबाईही माझ्याकडे आल्या नाहीत. मी कूस बदलली तेव्हा त्या फरशी पुसणाऱ्या नर्सला विचारत होत्या की बाटल्या भरून ठेवायला किती माणसं लागतील. नर्स बिचारी घाबरलेली, हातात बादली. तिनं चिडून सांगितलं, "आठ-दहा जण तपासले तर तीन-चार जुळतील. आणि जरा अंगापिंडानं असली पाहिजेत. आणा आता पैलवान शोधून."

आत्याबाईंनी पदर खोचला आणि निघून गेल्या.

पुढचे साडेचार तास मी त्या खोलीत एकटी होते. समोर द्वारकाची रिकामी खाट, विटांसकट. चार वाजता आयाबाईनं सांगितलं की द्वारका वाचली, मुलगा झालाय, फार बारीक आहे. मी विचारलं, दोन्ही बाटल्या लागल्या का. ती म्हणाली, दोन्ही. मग मी कुशीवर झोपून राहिले. दर थोड्या वेळानं हात खाली नेऊन बोटं बघत होते, कोरडी आहेत का. त्या दिवसाइतकी भीती मला पुढे कधी वाटली नाही, प्रत्यक्ष वेळ आली तेव्हाही नाही.

आत्याबाई कुठे गेल्या होत्या ते मला दुसऱ्या दिवशी तालमीच्या वस्तादांकडून कळलं. दोन गल्ल्या पलीकडे एक तालीम होती. संध्याकाळच्या मेहनतीला पोरं जमत होती. कोल्हापुरातली तालीम म्हणजे पुरुषांचं राज्य, बाई उंबऱ्याच्या आत जात नाही. आत्याबाईंनी चपला काढल्या, उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या आणि वस्तादांना हाक मारली. वस्तादांना वाटलं, वर्गणी मागायला आल्यात. त्यांनी रक्ताचं ऐकलं आणि सरळ नाही म्हणाले. पुढच्या महिन्यात कुस्त्यांचं मैदान होतं, पोरांची ताकद जाईल.

"मग त्यांनी काय सांगितलं म्हाईत हाय का," वस्ताद मला म्हणाले. "म्हणाल्या, माझी सून सहा वर्सांनी पोटुशी हाय. तिच्या नावचं रगत तिनं शेजारच्या बाईला देऊन टाकलं. आता तिच्यासाठी थेंब उरला न्हाई. एवढं दूधतूप खाऊन तुम्ही ताकद जपून कुणासाठी ठेवलीया, ते तरी सांगा."

 मग वस्ताद म्हणाले की पोरांनी लंगोटावर कपडे चढवायला सुरुवात केली होती, त्यांना काही सांगावंच लागलं नाही.

नऊ पैलवान पेढीत गेले. अंगाला तांबडी माती लागलेली. त्यांतला सगळ्यात दांडगा, ज्यानं म्हणे जिल्ह्यातली कुठलीशी गदा मारली होती, तो सुई बघूनच आडवा झाला, आणि त्याला उचलायला बाकीचे चौघे लागले. पाच जणांचा गट जुळला. त्यांत वस्ताद स्वतः होते. पाचही बाटल्यांवर माझं नाव पडलं. आत्याबाई सगळ्यांची होईपर्यंत तिथे उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा दिवस मावळून गेला होता. त्या दिवशी त्या उपाशी झोपल्या. मला एवढंच म्हणाल्या, "पाच झाल्या. झोप आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ताद तालमीतल्या दोन पोरांबरोबर खोलीच्या दारात आले. हातात दूधकट्ट्यावरून आणलेल्या म्हशीच्या धारोष्ण दुधाचा गडवा आणि कागदात बदाम. पाळीपाळीनं आत येऊन त्यांनी मला नमस्कार केला. एवढी मोठी माणसं, जमिनीकडे बघत. वस्ताद म्हणाले, "ताई, स्वतःच्या जिवावर उदार होणारी बाई बघायला आलो." मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या खिडकीशी उभ्या राहून गडव्यातलं दूध गाळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी "बसा" म्हणाले. 

द्वारकाचा मुलगा दीड किलोचा होता. त्याला कापसात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवलं होतं, वर दिवा लावून. आत्याबाई दिवसभर त्या पेटीशी बसायच्या आणि कापसाच्या वातीनं त्याच्या ओठांवर दूध सोडायच्या. आसाराम शुक्रवारी दोन्ही पोरींना घेऊन आला. टोळीतले सहा जणही आले, रक्त द्यायला, पण तोवर गरज उरली नव्हती. मूल चौथ्या दिवशी गेलं. सकाळी त्याच्या श्वासाला आवाज यायला लागला, डॉक्टरांनी जे करता येईल ते केलं, आणि साडेदहाला ते गेलं. आत्याबाईंनी त्याला आंघोळ घालून आसारामच्या हातात दिलं.

द्वारकाला पुन्हा आमच्या खोलीत आणलं. आता तिच्या पलंगाखाली विटा नव्हत्या. ती फार बोलत नसे. मी एकदा इतिहासाचा धडा म्हणायला सुरुवात केली तर तिनं हातानं नको अशी खूण केली, आणि थोड्या वेळानं आपणच म्हणाली, "सांगा बाई. तेवढंच."

जायच्या दिवशी तिनं हिरवं लुगडं नेसलं होतं, पोरींच्या वेण्या आत्याबाईंनी घातलेल्या. ती माझ्या पलंगाजवळ आली. टाके ओढत असल्यामुळे वाकून चालत होती. तिनं दोन्ही पोरींचे हात धरून माझ्या पायांवर ठेवले.

"ह्यांची माय जित्ती हाय ती तुमच्यामुळं," ती म्हणाली. "आत्याबाईनं सांगितलं मला. मी असते तर दिलं असतं का न्हाई, मला ठाव न्हाई बाई. तुमच्या पोटचं सुखरूप येऊ द्या."

मी म्हणाले, "द्वारका, ऐक, मी नव्हतं..."

"गाडी चुकंल तिची," आत्याबाई मधेच म्हणाल्या. "उरकू दे तिला. लांब जायचंय."

त्यांनी द्वारकाच्या ओटीत नारळ घातला, पोरींच्या हातांत राजगिऱ्याचे लाडू दिले आणि तिला दारापर्यंत पोचवून आल्या. धाकटीनं वळून माझ्या पलंगाखालच्या विटांकडे बोट दाखवलं. मग दाराबाहेर थांबलेला आसाराम धरून ती चौघं जिना उतरून गेली. त्यानंतर मी द्वारकाला कधी पाहिलं नाही. हंगाम संपला की टोळ्या परत जातात. पुढे दोन वर्षं मी आसपासच्या फडांत चौकशी केली, पण पाटोद्याकडच्या टोळ्या पुष्कळ होत्या आणि आसारामही पुष्कळ.

माझी वेळ सदतिसाव्या दिवशी सकाळी आली. दात घासायला आत्याबाईंनी तसराळं पुढे धरलं होतं आणि मला एकदम गरम वाटलं. पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. छतावरचा पंखा मागे मागे जाणारा. डॉक्टरांचा आवाज. वार जुन्या टाक्याला चिकटली होती, सोडवताना फार रक्त गेलं. पाचातल्या चार बाटल्या लागल्या. मुलगी दोन किलो दोनशे ग्रॅमची, जन्मतःच रडली. मी दुसऱ्या दिवशी नीट शुद्धीवर आले तेव्हा आत्याबाई तिला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तिचं नाव आम्ही सुप्रभा ठेवलं. बारशाला वस्ताद आणि चौघे पैलवान गावी आले आणि पाळण्याच्या दोऱ्या त्यांनीच ओढल्या. आमच्या भावकीतली एक म्हातारी आत्याबाईंना हळूच म्हणाली, मटण खाणाऱ्यांचं रक्त गं सुनेच्या अंगात. आत्याबाई मोठ्यानं म्हणाल्या, "तिच्या पोरीला विचार, कसलं लागलं ते."

त्याच बारशात आत्याबाईंनी सगळ्या बायकांना गोष्ट सांगितली. माझ्या सुनेनं आपल्या नावच्या दोन बाटल्या परक्या बाईला दिल्या. शब्द न शब्द तोच, जो त्यांनी तालमीच्या उंबऱ्याबाहेर सांगितला होता. तिथून ती गोष्ट गावात गेली, शाळेत गेली, माझ्या माहेरी गेली. यांनासुद्धा तीच माहीत होती. आठव्या-नवव्या महिन्यातल्या पोरी माझ्या पाया पडायला यायच्या. मी त्यांना सांगत असे, दुखत नसलं तरी रक्त दिसलं की तडक दवाखाना गाठा, सुईणीला हात लावू देऊ नका, घरातल्यांचे रक्तगट आधी काढून ठेवा. ते खरं होतं, म्हणून ते मी बिनदिक्कत सांगायचे. पण गोष्ट निघाली की उठून कामाला लागायचे. लोक म्हणायचे, किती विनयशील आहेत बाई.

सुप्रभा बारा वर्षांची झाली त्या वर्षी ग्रामपंचायतीनं रक्तदान शिबिर भरवलं आणि माझा सत्कार ठरवला. निरोप घेऊन सरपंच स्वतः आले. ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. आत्याबाई सूप घेऊन ज्वारी निवडत बसल्या होत्या. नजर कमी झाली होती, तरी खडा त्यांच्या बोटांना बरोबर लागायचा. मी समोर बसले आणि म्हणाले की मी सत्कार घेणार नाही, सगळ्यांसमोर खरं काय ते सांगणार. बारा वर्षं मी हे ओझं वाहते आहे. तुम्ही खोटं का सांगितलंत, आणि मी नको म्हणाले म्हणून एकदाही बोलला का नाहीत.

त्यांचे हात थांबले नाहीत.

"बोलायचं काय त्यात? तू बरोबरच म्हणालीस."

"बरोबर? ती मेली असती, आत्याबाई."

"व्हय, मेली असती. पर तुझ्या पोटात तुझं पोर हुतं. त्याची आई तू. त्याच्यासाठी नको म्हणायचं काम तुझंच हुतं, ते तू केलंस. न्हाई म्हणाली नसतीस तर मला नवल वाटलं असतं. आधीचं पोर गेलेलं मी बघितलंय." त्यांनी सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. "आता तिच्या पोरींसाठी कुणीतरी व्हय म्हणायला पायजे हुतं. तिची सासू तिथं नव्हती. म्हणून मी म्हटलं."

 मी विचारलं, "पण नाव माझं का लावलंत?"

"बाटल्या तुझ्याच नावच्या हुत्या की," त्या म्हणाल्या. "आणि तुला त्या पोरीबरोबर आणखी आठ दिस एका खोलीत काढायचे हुते, त्रिशला. तुमच्या दोघींत ते 'नको' कशाला ठेवायचं?"

त्यांनी माझं नाव घेतल्याचं तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. सत्काराला मी गेले. मला हार घातला, नारळ दिला, आणि माईक हातात दिल्यावर मी सगळं सांगितलं, 'नको' म्हणाले तेही. मंडपात कुजबुज झाली. पहिल्या रांगेत आत्याबाई बसल्या होत्या. नको ती गोष्ट चारचौघांत सांगितली म्हणून घरी येईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. घरी आल्यावर मात्र दिवस मावळायच्या आत मला पानावर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या आणि भाकरीवर हातानं तूप वाढलं.